खुंटीचा कायदा

आपल्या रत्नागिरीचा चाकरमानी गिरणीत कामाला गेला, तेव्हा मुंबईत गावकीच्या खोलीत त्याच्या वाट्यास आली एक ट्रंक, एक खुंटी आणि वळकटीपुरती जागा. १९२० च्या दशकातील बी.डी.डी. चाळींची खोली १६० चौरस फुटांची. एक पाळी कामावर, दुसरी झोपेत. म्हणून उठताच वळकटी भिंतीला, कपडे खुंटीला. एकाने पसारा केला की दुसऱ्याची झोप गेली!

त्या अडचणीचे गोडवे आम्ही गात नाही. पुरेशी जागा हा कामकऱ्याचा हक्कच आहे. पण आज आमच्या मोठ्या घरांतही मोडक्या खुर्च्या नि रिकामे डबे भाडे न देता राहतात. वस्तू ठेवताना एवढेच विचारावे : ही कोणाची जागा अडवते?