पालथं झोपवलंय, म्हणजे नेमकं काय?

२०२० साली आपल्या दोह्याच्या इंडस्ट्रियल एरियातलं हझम मेबैरीक रुग्णालय करोनाच्या पेशंटसाठी राखून ठेवलं होतं. नातेवाइकांना भेटायला बंदी होती. तेव्हापासून अनेक घरांत एक वाक्य ओळखीचं झालं: "पेशंटला पालथं झोपवलंय." करोनाची लाट ओसरली, पण गंभीर न्यूमोनियात हा उपचार आजही होतो. मी डॉक्टर नाही, आयटीतला माणूस आहे. म्हणून ही फक्त तोंडओळख समजा, निर्णय डॉक्टरांचाच.

आधी हे का करतात ते पाहू. पेशंट उताणा असला की हृदयाचा आणि सुजलेल्या फुप्फुसाचा भार पाठीकडच्या भागावर पडतो आणि तो भाग मिटतो. पालथं केल्यावर तो उघडतो आणि रक्तात ऑक्सिजन जास्त जातो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या 'प्रोसेव्हा' या अभ्यासात फुप्फुसं फार बिघडलेले ४६६ पेशंट होते. उताणं ठेवलेल्यांपैकी सुमारे ३३ टक्के २८ दिवसांत दगावले. रोज किमान १६ तास पालथं ठेवलेल्यांपैकी १६ टक्के.

पण इतके तास पालथं राहण्याची किंमत असते. गुंगीत असलेला पेशंट "दुखतंय" म्हणू शकत नाही. कपाळ, गाल, हनुवटी, छाती, गुडघे यांवर दाबाने जखमा होतात. चेहरा आणि पापण्या सुजतात. डोळा नीट मिटलेला नसेल तर बुबुळाला इजा होते. क्वचित नजरेवरही परिणाम होतो. हात चुकीच्या कोनात राहिला तर खांद्याजवळची नस ताणली जाते आणि पुढे हाताला मुंग्या किंवा अशक्तपणा येतो. पोटातलं अन्न वर येऊ शकतं.

सर्वात जोखमीची वेळ म्हणजे कूस बदलतानाची. श्वासाची नळी सरकू शकते, सलाइनची लाइन निघू शकते, रक्तदाब घसरू शकतो. म्हणून हे काम एकट्यादुकट्याचं नाही. चार-पाच जण लागतात. एक जण डोक्याशी उभा राहून फक्त नळी सांभाळतो आणि त्याच्या इशाऱ्यावरच बाकीचे हलतात. नंतर डोकं आणि हात ठरावीक तासांनी बदलतात, उशा लावतात, डोळ्यांत मलम घालतात.

आपण काय करायचं? पेशंटला काचबिंदू असेल, डोळ्याचं, मणक्याचं किंवा पोटाचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल, खांदा आखडलेला असेल, गरोदरपण असेल, तर हे आपणहून सांगा. फोनवर "बरे आहेत ना?" एवढ्यावर थांबू नका. विचारा: ऑक्सिजन सुधारला का? त्वचा आणि डोळे कसे आहेत? पुन्हा उताणं कधी करणार? व्हिडिओ कॉलवर सुजलेला चेहरा दिसला तर लगेच हयगयीचा अर्थ काढू नका. पालथं झोपवल्यावर अशी सूज येते आणि ती बहुतेक वेळा ओसरते. गावाकडे आईबाबांना तो चेहरा दाखवण्याआधी हे समजावून सांगा.

आणि पेशंट घरी आल्यावर हात बधिर वाटला, खांदा उचलता आला नाही किंवा नजर धूसर झाली, तर "अशक्तपणा असेल" म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांना दाखवा. फिजिओथेरपी वेळेत सुरू झालेली बरी.

काळजी घ्या, मंडळी. भेटू पुढच्या भागात.