‘किती स्वस्त!’ म्हणताना

डिसेंबर उजाडला की मुलुंडच्या आमच्या घरी दुबईहून पुतण्याचे बिऱ्हाड उतरते. आधी चष्मे, मग दातांचे डॉक्टर, मग साड्या आणि पापड-लोणची. दुकानातून बाहेर पडताना सूनबाईंचे एकच पालुपद, ‘‘काका, इथं किती स्वस्त!’’ गेल्या वर्षी रूट कॅनालचे बिल ऐकून त्या चक्क हसल्या. त्याच डॉक्टरांकडची माझी दाढ मी चार महिने पुढे ढकलली होती.

बिल तेच, मग त्यांना स्वस्त आणि मला महाग कसे? दिरहम डॉलरला बांधलेला आहे, डॉलरला सुमारे 3.67. जुलै 1991 मध्ये, 1 आणि 3 तारखेला, रुपयाचे अवमूल्यन झाले आणि साधारण 21 रुपयांचा डॉलर 26 च्या आसपास गेला. दुबईत नोकरी करणाऱ्या माझ्या भावाचा पगार एका दिरहमनेही वाढला नव्हता, पण घरी येणारा ड्राफ्ट जवळपास पाव हिश्श्याने फुगला. आज दिरहम 23 रुपयांच्या पुढे आहे.

मात्र नुसत्या दराने स्वस्ताई येत नाही. आपल्या 1 रुपयात व्हिएतनामचे जवळपास 300 डाँग येतात म्हणून कोणी तिथे श्रीमंत होत नाही; फो नावाच्या सूपच्या एका वाडग्यालाच 50-60 हजार डाँग पडतात. तिथल्या किमती आणि मजुरी मागे राहिल्या, तरच पाहुण्याचे फावते. आमच्या डॉक्टरांच्या मदतनीस मुलीचा पगार रुपयांत आहे, म्हणून सूनबाईंची दाढ स्वस्तात होते.

हे सुख आम्हीही चाखले आहे. 2 जुलै 1997 रोजी थायलंडने बाट डॉलरपासून मोकळा सोडला. 25 बाटचा डॉलर जानेवारी 1998 मध्ये 50 च्या वर गेला. आपल्या हिशेबात 1 रुपया 40 पैशांचा बाट पाऊण रुपयावर आला. ‘अमेझिंग थायलंड’च्या जाहिराती झळकल्या आणि फेब्रुवारीत आम्ही दोघे बँकॉकला गेलो. बाजारात एका बाईंनी कॅल्क्युलेटरवर आकडा दाखवला, आम्ही तो निम्मा केला, त्यांनी निमूट मान डोलावली. पिशव्या भरून आम्ही खूश! नुकत्याच, डिसेंबरात, तिथल्या 56 वित्तसंस्थांना कायमचे टाळे लागले होते. पेपरात वाचलेली ती बातमी आणि समोरची डोलणारी मान यांची सांगड मला तेव्हा घालता आली नाही.

आज त्याच बाटला अडीच रुपयांहून जास्त मोजावे लागतात. आता ‘किती स्वस्त’ म्हणायची पाळी आपली नाही.

म्हणून सहलीला जरूर जावे, खरेदीही करावी. निघण्यापूर्वी दराबरोबर तिथल्या जेवणाची, बसच्या तिकिटाची किंमत विचारावी. हिशेब चुकत नाही. घासाघीस मात्र बेतानेच करावी. यंदा चष्म्याच्या दुकानात सूनबाईंना तेवढेच सांगणार आहे. आणि हो, दाढेचे काम या वेळी त्यांच्या आधी मी उरकून घेणार आहे.