गाठ कोणत्या कुळातली?

रामाकोना, सौंसर, पांढुर्णा हा पट्टा मध्य प्रदेशात मोडत असला तरी विदर्भातला खर्रा इथे परका नाही. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटायचा आणि गालात धरायचा. महिनोन्‌महिने न भरणारी तोंडातली जखम किंवा मानेतली गाठ घेऊन इथला माणूस बहुधा नागपूरलाच जातो. तिथे गाठीचा लहानसा तुकडा काढतात, फॉर्मॅलिनमध्ये टिकवतात, मेणात बसवतात आणि त्याचे तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप करतात. गुलाबी-जांभळ्या नेहमीच्या रंगात बहुतेक वेळा निदान होऊन जातं. पण काही गाठींतल्या पेशी इतक्या बिघडलेल्या असतात, की त्या मुळात कुठल्या, हेच ओळखू येत नाही.

मग पेशीच्या सांगाड्याला विचारावं लागतं. या सांगाड्यात ॲक्टिनचे तंतू सुमारे ७ नॅनोमीटर जाडीचे आणि सूक्ष्मनलिका २५ नॅनोमीटरच्या असतात. या दोन्ही जवळपास प्रत्येक पेशीत सापडतात, त्यामुळे मूळ शोधायला निरुपयोगी. जाडीने त्यांच्या मधले, १० नॅनोमीटरचे तंतू मात्र पेशीचं कूळ सांगतात. त्वचेत आणि तोंडाच्या अस्तरात ते केराटिनचे असतात, स्नायूंत डेस्मिनचे, संयोजी ऊतीत आणि रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरात व्हायमेंटिनचे.

हे तंतू नेमके हुडकणारी प्रतिपिंडं बहुतेक उंदराच्या पेशींतून येतात. हवं ते प्रथिन उंदराला टोचलं, की त्याच्या प्लीहेतल्या बी-पेशी त्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवू लागतात. पण काचपात्रात त्या काही दिवसांतच मरतात. केंब्रिजमध्ये जॉर्ज कोहलर आणि सेझार मिलस्टाइन यांनी १९७५ साली या बी-पेशींचा संकर कर्करोगी मायलोमा पेशींशी घडवला. संकर न झालेल्या मायलोमा पेशी जगू नयेत असं द्रावण वापरलं. उरलेली एकेक संकरित पेशी वेगळी वाढवली की तिची सगळी प्रजा एकच प्रतिपिंड देते, तेही वर्षानुवर्षं. या कामाला १९८४ चं नोबेल मिळालं. पेटंट मात्र त्या दोघांनी घेतलं नाही, आणि जगभरच्या प्रयोगशाळांचं त्यात भलंच झालं.

व्हायमेंटिनसाठी सर्रास वापरलं जाणारं ‘व्ही-९’ हे असंच एक प्रतिपिंड. ते डुकराच्या डोळ्यातल्या भिंगाच्या व्हायमेंटिनवर तयार केलेलं. माणसाचं व्हायमेंटिन ते ओळखतं, उंदराचं ओळखत नाही. त्यामुळे उंदरात वाढवलेल्या मानवी गाठीतल्या माणसाच्या पेशी वेगळ्या ओळखायलाही ते कामी येतं. कापावर ते चिकटलं, की त्याला धरणारं दुसरं, विकर जोडलेलं प्रतिपिंड सोडतात, आणि जिथे व्हायमेंटिन तिथे तपकिरी रंग उमटतो.

तोंडाच्या कर्करोगात केराटिनची कहाणी अधिक रंजक आहे. गालाच्या निरोगी अस्तरात केराटिन ८ आणि १८ सहसा नसतात. कर्करोगात ते अवेळी उगवतात. टाटा मेमोरियलच्या नवी मुंबईतल्या ॲक्ट्रेक संस्थेत मिलिंद वैद्य आणि सहकाऱ्यांनी या बदलाचा दीर्घ अभ्यास केला आहे.

रिपोर्टवर ‘व्हायमेंटिन पॉझिटिव्ह’ वाचून मोबाइलवर शोधाशोध करणाऱ्यांना मात्र सांगायला हवं, की तेवढ्यावरून आजाराचं नाव ठरत नाही. अस्तरातून उपजलेले काही कर्करोगही पुढे व्हायमेंटिन बनवू लागतात. म्हणून केराटिन, व्हायमेंटिन आणि इतर खुणा एकत्र पाहतात. शिवाय त्याच कापातल्या रक्तवाहिनीचं अस्तर तपकिरी झालंय का, हे पॅथॉलॉजिस्ट आधी तपासतो. तेच कोरं राहिलं असेल तर गाठीबद्दल काहीच बोलता येत नाही. नवा काप घेऊन पुन्हा रंगवावं लागतं.