हंगामी गोलरक्षकाची कायम नेमणूक

राखीव गोलरक्षकाची नोकरी मोठी विलक्षण आहे. इतर बदली खेळाडूंना अखेरच्या वीस-पंचवीस मिनिटांत तरी मैदानात उतरण्याची आशा असते, परंतु याला आपल्याच सहकाऱ्यावर संकट ओढवल्याखेरीज सहसा हुकूम येत नाही, आणि तसे संकट यावे अशी इच्छा तो मनातसुद्धा धरू शकत नाही. ब्यूनस आयर्स प्रांतातील लिमा या गावी (पेरूची राजधानी ती निराळी) 1963 साली जन्मलेल्या सेर्हिओ गोइकोचेआने ही नोकरी दीर्घकाळ केली. रिव्हर प्लेट क्लबात त्याच्यापुढे नेरी पुम्पिदो होता, आणि 1990च्या विश्वचषकासाठी राष्ट्रीय संघ इटलीस निघाला तेव्हाही पुढे पुम्पिदोच होता. त्याच्यामागची ही जागादेखील लुईस इस्लासने दुय्यम म्हणून जाण्याचे नाकारल्यामुळे रिकामी झालेली. शिवाय गोइकोचेआ ज्या कोलंबियात खेळत होता, तेथे एका पंचाच्या हत्येनंतर 1989ची राष्ट्रीय स्पर्धाच रद्द झाल्याने त्याला सामन्यांचा सरावही पुरेसा नव्हता.

13 जून रोजी नेपल्समध्ये सोव्हिएत संघाविरुद्ध सामना सुरू होऊन थोडा वेळ होतो न होतो तोच सहखेळाडूशी टक्कर होऊन पुम्पिदोचा पाय मोडला, आणि गोइकोचेआ रुजू झाला.

पुढची हकिकत आर्जेंटिनात आबालवृद्धांस पाठ आहे. 30 जून रोजी फ्लॉरेन्समध्ये युगोस्लाव्हियाशी गोलशून्य बरोबरी होऊन पेनल्टींवर निकाल लावण्याची वेळ आली. खुद्द माराडोनाचा फटका अडवला गेला, त्रोलिओचा खांबावर आदळला, आणि सामना हातचा गेला असे वाटत असतानाच गोइकोचेआने ब्रनोविच आणि हाजीबेगिच यांचे लागोपाठ दोन फटके थोपवले. तीन दिवसांनी उपांत्य सामन्यात यजमान इटलीच्या डोनाडोनी आणि सेरेना यांची तीच गत झाली. चेंडूला लाथ बसेपर्यंत गोलरक्षकाने रेषेवर पाय हलवू नयेत असा त्या काळचा नियम होता (रेषेवर डावी-उजवीकडे सरकण्याची मुभा 1997 साली मिळाली), हे ध्यानी घेतले म्हणजे ज्याने आयुष्य वाट पाहण्यात घालवले त्यालाच हे साधावे यात मला तरी निव्वळ नशीब दिसत नाही. अंतिम सामन्यात पश्चिम जर्मनीच्या ब्रेमेच्या पेनल्टीवरही त्याने झेप योग्य दिशेसच घेतली होती. चेंडू मात्र खांबाच्या अगदी लगतून आत गेला आणि चषक निसटला.

त्यानंतर 1991 आणि 1993 असे दोन कोपा अमेरिका चषक त्याच्या वाट्यास आले, आणि दुसऱ्या वेळी ब्राझील व कोलंबिया हे दोन्ही अडथळे पेनल्टींवरच ओलांडले गेले. परंतु त्याच वर्षी 5 सप्टेंबरला ब्यूनस आयर्समध्ये कोलंबियाने आर्जेंटिनाचा 5-0 असा जो धुव्वा उडवला, तेव्हाही गोलजाळ्यासमोर हाच होता. आणि 1994च्या विश्वचषकात जागा मिळाली ती इस्लासला, तर गोइकोचेआ पुन्हा राखीव बाकावर.

खेळणे थांबल्यावर तो दूरचित्रवाणीकडे वळला आणि देशाच्या सार्वजनिक वाहिनीवर क्रीडा कार्यक्रमांचा सूत्रधार म्हणून स्थिरावला. देखणा चेहरा आणि ओळखीचे नाव एवढ्या भांडवलावर कॅमेऱ्यापुढे येणारे खेळाडू पुष्कळ असतात, आणि ते भांडवल त्याच्यापाशीही होतेच. माझ्या मते त्याची खरी शिदोरी वेगळी: अवघे मैदान समोर ठेवून, बहुतेक वेळ स्वतः चेंडूला न शिवता, दुसऱ्यांच्या हालचाली वाचीत राहणे हे गोलरक्षकाचे काम, आणि निवेदकाचेही काम बव्हंशी तेच. शिवाय विजयाचे श्रेय ज्याला चारदा मिळाले आणि पाच गोल ज्याने देशबांधवांसमक्ष जाळ्यातून काढले, त्याला दुसऱ्याच्या चुकीवर बोलण्याचा अधिकार वेगळा मुक्रर करून द्यावा लागत नाही.

2014 साली साओ पावलोत रोमेरोने नेदरलँड्सच्या दोन पेनल्टी अडवल्या, 2022 साली कतारमध्ये एमिलियानो मार्तिनेसने तोच पराक्रम केला, आणि दोन्ही वेळा आर्जेंटिनात तुलनेसाठी नाव निघाले ते गोइकोचेआचे.