‘गेल्या आठवड्यात जे झालं ते’

‘मुलगी पुण्यात रात्रपाळीला बसून अमेरिकेतल्या खटल्यांचे ईमेल चाळते. आता ते सॉफ्टवेअरच चाळणार म्हणे. मग तिने करायचं काय?’ असं एका वाचकाने विचारलंय. उत्तरासाठी ४० वर्षं मागे जातो, कारण तिथली गोष्ट फार मजेदार आहे.

सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या ‘बार्ट’ रेल्वेच्या अपघातावरून झालेला खटला. सुमारे ४०,००० दस्तऐवज, साडेतीन लाख पानं, सगळी आयबीएमच्या ‘स्टेअर्स’ यंत्रणेत भरलेली. वकील हवं ते सांगत, त्यांचे मदतनीस, म्हणजे पॅरालीगल, शब्द टाकून शोधत. कामाचे निदान ७५ टक्के कागद हाती लागले, अशी वकिलांची खात्री. संशोधक डेव्हिड ब्लेअर आणि एम. ई. मॅरन यांनी १९८५ साली हिशेब छापला : जेमतेम २० टक्के!

पॅरालीगल आळशी नव्हते. ते ‘अपघात’ शोधत होते. पण ज्यांच्या अंगाशी येणार होतं त्यांनी तो शब्द टाळलेला. त्यांच्या पत्रांत होती ‘अडचण’, ‘दुर्दैवी परिस्थिती’, कुठे नुसतंच ‘गेल्या आठवड्यात जे झालं ते’. (ठरलेलं लग्न मोडलं की आपल्याकडे वर्षभर ‘तो विषय’ म्हणतात, तसंच.) निसटलेलं कळलं कसं? न सापडलेल्या ढिगातून नमुने काढून वकिलांनाच वाचायला दिले.

याच मॅरननी १९६१ साली आणखी एक बी पेरलं होतं, त्याची आठवण कुणी काढत नाही. माणसांनी आधी विषयवार लावलेल्या सारांशांवरून कोणता शब्द कोणत्या विषयाची चाहूल देतो याची संभाव्यता काढायची, मग नवा मजकूर यंत्रानेच त्या त्या खणात टाकायचा. खटल्यांचे कागद असेच चाळणारं ‘प्रेडिक्टिव्ह कोडिंग’ विकणारे आज क्रांतीबिंती म्हणतात, तिचं मूळ हे. न्यूयॉर्कचे न्यायाधीश अँड्र्यू पेक यांनी २०१२ साली, सुमारे ३० लाख ईमेलच्या खटल्यात, या ‘कोडिंग’ला मान्यता दिली.

आता मुलीचं काम. पूर्वी पेट्या उघडा, पानापानावर क्रमांकाचे शिक्के मारा, वाचत बसा. आता एकाच ईमेलच्या शंभर प्रती ‘हॅश’ (मजकुरावरून यंत्राने काढलेली ओळखखूण) जुळवून आपोआप गळतात. वाचायचे तास घटतील आणि काही खुर्च्याही; ते लपवण्यात अर्थ नाही. उरतं ते वेगळं : कुणाचा लॅपटॉप, कुणाचा फोन जपून ठेवायचा ते ठरवणं, यंत्राला शिकवण्यासाठी कागदांवर ‘कामाचा’, ‘बिनकामाचा’ अशा खुणा करणं, आणि यंत्राने टाकून दिलेल्या ढिगातून नमुना काढून तपासणं. शितावरून भाताची परीक्षाच, फक्त पातेलं आधी ढवळायचं. वरचंच शीत उचललं तर तळाचा कच्चा भात कळत नाही.

‘अडचण’ म्हणजे अपघात, हे नव्या चॅटबॉटला बरेचदा कळतंही. पण आपल्या हातून किती निसटलं याची त्याने दिलेली खात्री किती धरायची? खात्री त्या वकिलांनाही होतीच, ७५ टक्क्यांची.

मुलीला एवढंच विचारा : टाकून दिलेल्या ढिगातलं तुला कुणी वाचायला देतं का? देत असतील, तर निम्मी काळजी सोडा.