फाकल्या पायांचं पिल्लू

सिद्धगडाच्या पायथ्याला, नारिवली-बोरवाडीच्या बाजूला घरची कोंबडी म्हणजे अडीनडीचा पैसा. रवणीला बसवलेल्या कोंबडीखाली एकविसाव्या दिवशी पिल्लं फुटतात. त्यातलं एखादं दोन्ही पाय दोन बाजूंना फाकून पडलेलं असतं. आई चालत्या पिल्लांना घेऊन अंगणात उतरते आणि मागे राहिलेलं मुंगसाच्या नाहीतर घारीच्या तोंडी जातं. ‘ते काय जगायचं नाही,’ असं म्हणून घरचेही सोडून देतात.

ते जगतं. फक्त पहिल्या दोन-तीन दिवसांत हात लावायला हवा.

मऊ सुती कापडाची बोटभर पट्टी घ्यावी. पाय अंगाखाली सरळ आणून, उभं राहताना असतं तेवढंच अंतर ठेवून ते सैलसर बांधावेत. खाली गोणपाट हवं. वर्तमानपत्रावर पाय आणखी घसरतात. पट्टी रोज सोडून बघावी, कारण पिल्लू भराभर वाढतं आणि पट्टी कातडीत रुतते. पहिल्या आठवड्यात त्याला ३२ ते ३५ अंशांची ऊब लागते. पाण्याची वाटी उथळ ठेवावी, चोच हलकेच बुडवून पाणी दाखवावं. वेळेवर बांधलेली बरीचशी पिल्लं आठवडाभरात उभी राहतात.

एवढ्या हाताळणीत जीव जडतोच, आणि तो एकतर्फी नसतो. अंड्यातून नुकतंच निघालेलं पिल्लू समोर जे हलताना दिसेल त्याच्यामागे धावतं, हे डग्लस स्पाल्डिंग या इंग्रज प्राणी-अभ्यासकाने १८७३ सालीच नोंदवून ठेवलं आहे. दाणे देणारा हात ते ओळखतं, आवाज ऐकून चिवचिवतं.

तरीही त्याला कायमचं घरात ठेवणं ही माया नव्हे. कोंबड्यांत कोणी कोणाला टोचायचं याची उतरंड ठरलेली असते आणि नवख्याला, लंगड्याला सगळ्याच टोचतात. म्हणून पिल्लू सावरलं की अंगणात डाल्याखाली ठेवावं. बाकीच्यांना ते दिसतं, पण चोच पोचत नाही. काही दिवसांनी डालं उचलावं, तेही आपण समोर असतानाच.

लाडक्या पक्ष्याच्या बाबतीत एक सावधगिरी मात्र सोडू नये. फेब्रुवारी २०२२ मध्ये शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीत बर्ड फ्लू निघाला आणि परिसरातल्या सुमारे २५ हजार कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. मानमोडी या कोंबड्यांच्या दुसऱ्या आजारावरची लस पहिल्याच आठवड्यात द्यावी, पक्ष्याला हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत. आणि एकाएकी कोंबड्या मरू लागल्या, तर आजारी पक्षी मांडीवर न घेता लगेच जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावं.