रंगकामाआधी ओळखा, इमारतीत पक्षी कुठे राहतात?

पावसाळा सरला की शहरांतील सोसायट्यांमध्ये परांच्या बांधल्या जातात, भेगा बुजवल्या जातात, डक्टवर जाळ्या लागतात. अनेकदा त्याच भेगेत किंवा डक्टमध्ये पक्ष्यांची पिल्ले असतात. भोक बंद झाले की पालक बाहेर राहतात आणि पिल्ले आत भुकेने मरतात. हे टाळण्यासाठी कामाआधी एक संध्याकाळ पुरेशी आहे.

कधी पाहावे?
सूर्यास्ताआधी अर्ध्या तासापासून अंधार पडेपर्यंत. पाकोळ्या दिवसभर हवेतच असतात. सांजवेळी त्या कलकलाट करत घिरट्या घालतात आणि क्षणात छज्जाखाली शिरतात. नजर चुकू शकते, म्हणून मोबाइल स्थिर धरून भिंतीचा व्हिडिओ घ्या आणि नंतर संथ गतीने पाहा. इमारतीच्या चारही बाजूंना एकेक जण उभा राहिल्यास उत्तम. त्याच वेळी भेगेतून काही छोटे फडफडत बाहेर पडले, तर ते बहुधा वटवाघूळ असते.

कोणत्या खुणा शोधाव्यात?
• भोकाखाली भिंतीवर विष्ठेचे पांढरे ओघळ : पक्ष्यांचा नियमित वावर.
• जमिनीवर केस आणि हाडे असलेले काळपट गोळे : वर गव्हाणी घुबड आहे. उंदीर खाल्ल्यावर न पचलेला भाग ते असा ओकून टाकते.
• रात्री डक्टमधून घोरल्यासारखा आवाज : भूत नव्हे, अन्न मागणारी घुबडाची पिल्ले.
• छज्जाखाली लाळेने चिकटवलेली पिसे-काड्यांची घरटी : पाकोळ्या. त्या वर्षभर रात्री त्यातच झोपतात.
• मीटरच्या पेटीतून लोंबणारे गवत : चिमणी.

सापडल्यास काय करावे?
टॉर्च मारू नका, हात घालू नका. जागेचा फोटो काढून कंत्राटदाराला दाखवा आणि त्या बाजूचे काम शेवटी ठेवा. पाकोळीची अंडी घातल्यापासून पिल्ले उडेपर्यंत सुमारे दोन महिने लागतात, गव्हाणी घुबडाला साधारण तीन. हे घुबड वर्षात कधीही अंडी घालते, त्यामुळे ठरावीक महिना सुरक्षित धरता येत नाही.

कायदा काय सांगतो?
वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार संरक्षित पक्ष्यांची अंडी फोडणे, अंड्यांना किंवा घरट्याला धक्का लावणे हीदेखील शिकारच ठरते. पिल्लू खाली पडल्यास वन विभागाच्या 1926 या हेल्पलाइनवर कळवा.